कणकवलीत स्वतःचं संदेशजाळं कसं उभारावं

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत वर सरकत गेलं, तेव्हा सिंधुदुर्गात झाडं विजेच्या तारांवर कोसळली आणि अनेक गावं अंधारात गेली. वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलचा मनोराही गप्प होतो. मनोऱ्याखालची बॅटरी काही तास टिकते, पुढे जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेल पोचायला रस्ता मोकळा लागतो. झाडं रस्त्यावर पडलेली असताना नेमकं तेच जमत नाही.

अशा वेळी गावांनी आपापसात चालवलेलं, कुठल्याही कंपनीच्या मनोऱ्यावर न टेकलेलं रेडिओचं जाळं उपयोगी पडतं. त्याचे दोन भाग आहेत. एक जमिनीवरचा, म्हणजे घराघरांतले आणि सड्यांवरचे, म्हणजे उंच कातळपठारांवरचे, छोटे रेडिओ. दुसरा आकाशातला, म्हणजे हौशी रेडिओचालकांसाठी, ज्यांना ‘हॅम’ म्हणतात त्यांच्यासाठी, फिरणारे उपग्रह. दोन्ही भागांत कणकवलीसारख्या ठिकाणाहून आपल्याला पाऊल टाकता येतं. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. चार-पाच घरं मात्र सोबत हवीत, कारण एकट्या माणसाच्या जाळ्याला काही अर्थ नाही.

आधी हे चालतं कसं ते पाहू. जमिनीवरच्या जाळ्याला ‘मेश’ म्हणतात. त्यातल्या प्रत्येक रेडिओला ‘नोड’ म्हणतात. आपण मोबाइलवर लिहिलेला निरोप ब्लूटूथने आपल्या नोडला जातो आणि नोड तो हवेत सोडतो. ऐकू आलेला दुसरा नोड तो पुन्हा सोडतो, त्याच्या पलीकडचा आणखी पुढे. डोंगरात एकाने घातलेला कुकारा दुसऱ्याने ऐकून पुढच्या वाडीला घालावा, तसं. मध्ये कुणी मालक नाही आणि मुख्य केंद्रही नाही. एक नोड बंद पडला तर निरोप दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो, पण त्यासाठी दुसरी वाट आधीच असली पाहिजे.

या रेडिओंच्या पद्धतीला ‘लोरा’ असं नाव आहे. फार थोड्या शक्तीत लांबवर निरोप पोचवणं हा तिचा गुण आणि फार हळू चालणं ही तिची मर्यादा. तिच्यावर फोटो जात नाही आणि बोलणंही जात नाही. जातात ते छोटे लिखित निरोप आणि नोडचं ठिकाण. मराठीत लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एका निरोपात साधारण २०० बाइट मावतात, म्हणजे इंग्रजीची २०० अक्षरं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे मराठीची ६५च्या आसपास चिन्हं. ‘आचरा रस्ता बंद, गाडी कसालमार्गे पाठवा’ एवढं आरामात बसतं, त्यापुढे हात आखडावा लागतो.

पहिली पायरी वस्तू आणण्याची नाही, माणसं जमवण्याची आहे. कुणाच्या घराला उंच गच्ची आहे, कुणाची बाग सड्यावर आहे, कुणाला चढून अँटेना बांधता येते, कुणाचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, हे आधी विचारा. तालुक्यातच हरकुळ बुद्रुकला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना बोलवा. एक साधी वही करा. प्रत्येक नोडचं नाव, जागा, जागेच्या मालकाची परवानगी, किल्ली कुणाकडे आणि बॅटरी कधी बदलली, एवढं तिच्यात असावं. अशी जाळी बंद पडतात त्यामागे यंत्र बिघडण्यापेक्षा ‘ते बघायचं कुणी’ हे न ठरणं हेच कारण जास्त वेळा असतं. म्हणून वहीची पायरी वगळू नका.

दुसरी पायरी खरेदीची, आणि पहिली मोठी चूक इथेच होते. लोराचे बोर्ड वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचे, म्हणजे वेगवेगळ्या लहरींवर चालणारे असतात. अमेरिकेत ९१५ मेगाहर्ट्झचे चालतात, काही ठिकाणी ४३३चे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ही पट्टी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळी आहे आणि पुढे ती ८६८पर्यंत वाढवली गेली. म्हणून बोर्ड ‘८६८’ लिहिलेला घ्यावा. स्वस्त दिसला म्हणून ९१५चा घेतला तर त्याच्यासोबतची अँटेना आपल्या लहरीला जुळत नाही आणि पल्ला घटतो. उपकरणाला केंद्र सरकारची ईटीए ही मान्यता आहे का, हेही विक्रेत्याला विचारा.

बोर्डांत मुख्यतः दोन घराणी आहेत. ईएसपी३२ ही चिप असलेले बोर्ड स्वस्त मिळतात, पण वीज बरीच खातात. एनआरएफ५२ चिपचे थोडे महाग, पण साध्या एका लिथियम सेलवर कित्येक दिवस जातात. घरात चार्जरला लावून ठेवायचा नोड पहिल्या प्रकारचा चालेल. सड्यावर सौर पॅनेलवर सोडायचा नोड दुसऱ्याच प्रकारचा घ्या, तिथे काटकसर करू नका.

बोर्ड हातात आला की सगळ्यात आधी अँटेना जोडा आणि मगच वीज द्या. अँटेना नसताना प्रक्षेपण झालं तर शक्तीला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि रेडिओची चिप जळू शकते. घरातल्या लहानांनाही हे सांगून ठेवा.

आता सेटिंग. या कामासाठी ‘मेशटॅस्टिक’ ही मोफत प्रणाली सर्वांत प्रचलित आहे. ती बोर्डावर संगणकातून चढवायची आणि मोबाइलमध्ये तिचं ॲप घ्यायचं. ॲपमध्ये प्रदेश विचारला जातो, तिथे भारत निवडा. निवडला नाही तर नोड प्रक्षेपणच करत नाही, आणि नवखे लोक यंत्र खराब आलं असं समजून परत पाठवायला निघतात.

पुढचं सेटिंग फारसं कुणी सांगत नाही. मोकळ्या पट्टीच्या नियमात शक्ती १ वॅटपर्यंत आणि लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत सांगितली आहे. मेशटॅस्टिकचं मूळ सेटिंग, ‘लाँग फास्ट’, २५० किलोहर्ट्झ रुंदीचं आहे. त्यामुळे १२५ रुंदीचं ‘लाँग मॉडरेट’ निवडणं योग्य. वेग आणखी कमी होतो, भरलेला निरोप जायला काही सेकंद लागतात, पण पल्ला वाढतो आणि आपण नियमात राहतो. हे सेटिंग सगळ्या नोडवर एकच हवं. एकाचं फास्ट, दुसऱ्याचं मॉडरेट असेल तर शेजारी ठेवलेले नोडही एकमेकांना ऐकत नाहीत.

तिसरं सेटिंग नोडच्या भूमिकेचं. घरातला नोड ‘क्लायंट’ ठेवा. ‘राउटर’ ही भूमिका फक्त उंचावरच्या, सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या एखाद-दुसऱ्या नोडला द्यायची. उत्साहात प्रत्येकजण आपला नोड राउटर करतो, मग सगळे एकाच वेळी पुढे पाठवू लागतात आणि हवा निरोपांनी तुंबते. उड्यांची मर्यादा, म्हणजे निरोप किती वेळा पुढे जाईल तो आकडा, मुळात ३ असतो आणि ७पर्यंत वाढवता येतो. तो ३च राहू द्या. निरोप पोचत नसेल तर उड्या वाढवण्याऐवजी नोडची जागा सुधारा.

सगळ्यांचं मूळ चॅनल जगभर एकाच किल्लीचं असल्याने ते खासगी नसतं. गटासाठी वेगळं चॅनल करून त्याची किल्ली वहीत लिहून ठेवा.

जागेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात सगळं यावरच अवलंबून आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. किती लांब दिसेल याचा ढोबळ हिशोब असा: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि त्याला चारने गुणा, तेवढे किलोमीटर. ९ मीटर उंच गच्चीवरून १२ किलोमीटर, १०० मीटर उंच सड्यावरून ४० किलोमीटर. दोन्ही टोकांचे आकडे बेरजेत धरायचे. कणकवली ते मालवण हवाई अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे. कागदावर ते एका उडीत जमेल असं वाटतं, पण मध्ये टेकड्या आहेत आणि टेकड्यांवर दाट झाडी. आंबा, फणस, माडांच्या बागा या लहरी खूप शोषून घेतात, आणि पावसाने पानं भिजली की आणखीच. मे महिन्यात उत्तम चाललेला दुवा जुलैत तुटतो तो याच कारणाने. जागेची चाचणी भर पावसात घ्या.

म्हणून गड नदीच्या खोऱ्यातल्या घरांनी थेट एकमेकांकडे पाहण्यापेक्षा वरच्या सड्याकडे पाहावं. झाडं नसलेला कातळसडा म्हणजे आपल्याला निसर्गाने दिलेला मनोरा आहे. कणकवलीकडून आचऱ्याच्या दिशेने किंवा कसाल-कट्ट्याच्या दिशेने सड्यावर दोन-तीन नोड बसले की खाडीकाठच्या गावांना वाट मिळते. पूर्वेला फोंडाघाटाचा माथा मोहात पाडणारा आहे, तिथून बराच तालुका नजरेत येतो. पण वर राधानगरी अभयारण्य आहे आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे काहीही बांधू नये.

उंचावरच्या नोडला फार ताकदीची अँटेना लावण्याचा मोह आवरा. अशी अँटेना शक्ती क्षितिजाकडे चपटी फेकते, आणि सड्याच्या पायथ्याशी असलेली वाडीच तिला दिसत नाही. मध्यम अँटेना बरी. आणि बोर्ड खाली घरात ठेवून वर लांब केबल नेऊ नका. साध्या पातळ केबलमध्ये १० मीटरला दोन तृतीयांशाहून जास्त शक्ती वाया जाते. बोर्ड बंद डबीत घालून अँटेनाच्या बुडाशीच बसवावा.

आता पाऊस, गंज आणि वीज. डबीला खालच्या बाजूने एक बारीक भोक ठेवा, नाहीतर आत दमटपणा साचून पाणी होतं. पूर्ण बंद डबी कोकणात टिकते हा गैरसमज आहे. सांध्यांवर रबरी चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, किनाऱ्याजवळ तर नक्कीच, कारण खाऱ्या हवेत पितळी जोड एका पावसाळ्यात हिरवे पडतात. सौर पॅनेल उन्हाळ्याच्या हिशोबाने घेऊ नका. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेवढे दिवस बॅटरीने काढले पाहिजेत. पत्र्याखाली, उन्हात तापणाऱ्या डबीत साध्या लिथियम सेलपेक्षा लिथियम-लोह-फॉस्फेटचा सेल सुरक्षित. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात उघड्या सड्यावरचा खांब वीज ओढतो, म्हणून खांबाला अर्थिंग हवंच, आणि ढग जमले की कुणीही तिकडे फिरकायचं नाही.

जमिनीवरचं जाळं चालू झालं की आकाशाकडे वळू. इथे सुरुवात ऐकण्यापासून करावी. उपग्रहाकडे प्रक्षेपण करायला हॅम परवाना लागतो, पण ऐकता ऐकता निम्मं शिक्षण होतं.

हौशी उपग्रहांची गोष्ट जुनी आहे. पहिला, ऑस्कर-१, १२ डिसेंबर १९६१ला गेला. आपल्याकडे इस्रोने ५ मे २००५ला श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट सोडला, ४२.५ किलोचा. त्यावर दोन ट्रान्सपाँडर होते. ट्रान्सपाँडर म्हणजे खालून आलेला आवाज दुसऱ्या लहरीवर परत खाली पाठवणारं यंत्र. त्यातलं एक भारतीय होतं आणि दुसरं नेदरलँड्सच्या एका विद्यार्थ्याने, विल्यम लाइयेनारने, बनवलेलं. जगभरचे हॅम त्यावर २०१४पर्यंत बोलत होते.

महाराष्ट्रातलं उदाहरण पुण्याचं. तिथल्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४ने गेला. त्याचं काम आपल्या मेशच्या फार जवळचं होतं: एका ठिकाणाहून निरोप घ्यायचा, पोटात ठेवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली द्यायचा. त्याला दिशा देण्यासाठी मोटारी नव्हत्या. आत चुंबक होतं आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने तो आपोआप सावरत असे. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला, आणि त्याचे संकेत घेण्यासाठी इतर महाविद्यालयांनाही जमिनीवरची केंद्रं उभारायला शिकवलं गेलं. मला या साऱ्यात ती केंद्रं सर्वांत मोलाची वाटतात, कारण उपग्रह संपला तरी केंद्र आणि ते चालवणारी माणसं उरतात.

ऐकायचं कसं? संगणकाला लावायची छोटी रेडिओ-डाँगल मिळते, तिला एसडीआर म्हणतात. तिला मोजणीच्या स्टीलच्या टेपचे तुकडे आणि पीव्हीसी पाइप वापरून घरी केलेली हातात धरायची यागी अँटेना जोडा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १४५.८२५ मेगाहर्ट्झवर छोटे डिजिटल निरोप पुढे पाठवतं आणि अधूनमधून १४५.८०० वर चित्रंही सोडतं. ते कधी येणार हे सांगणारी मोफत ॲप आहेत. त्यांत कणकवलीचं ठिकाण, १६.२७ उत्तर आणि ७३.७१ पूर्व, भरा. एक फेरी क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जेमतेम दहा मिनिटांची असते.

नेहमीच्या चुका अशा. ॲपमधली कक्षेची माहिती जुनी असते आणि यान सांगितल्या वेळी येत नाही. ती दर काही दिवसांनी ताजी करा. यान येताना लहर थोडी वर आणि जाताना थोडी खाली सरकते, याला डॉप्लर म्हणतात. १४५ मेगाहर्ट्झवर हा फरक सुमारे ३ किलोहर्ट्झ, ४३७वर १० किलोहर्ट्झ, म्हणून वरच्या पट्टीत सतत जुळवत राहावं लागतं. आवाज मध्येच बुडाला तर मनगट फिरवून अँटेना आडवी-उभी करून पाहा. आणि परड्यात माडांखाली उभं राहू नका. पूर्वेच्या सह्याद्रीमुळे त्या बाजूच्या खालच्या फेऱ्या आपल्याला मिळतच नाहीत, समुद्राकडच्या मिळतात.

जुन्या लेखांत अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या हवामान उपग्रहांची चित्रं घ्यायला सांगितलेलं असतं. ते तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, त्यांच्यासाठी अँटेना करू नका. रशियाचे मीटिओर उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या पट्टीत चित्रं पाठवतात, ते धरा.

खरेदीत चुकून ४३३चा लोरा बोर्ड आला असेल तर तो टाकू नका. ‘टायनीजीएस’ नावाच्या जाळ्यात असे बोर्ड ४३६ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लोरा-उपग्रहांचे संकेत ऐकतात आणि वाय-फायवरून सगळ्यांसाठी जमा करतात. ग्रीसच्या लिब्रे स्पेस फाउंडेशनचं ‘सॅटनॉग्स’ हे याहून मोठं जाळं. छोटा उपग्रह बनवणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या गावावरून तो दिवसातून मोजक्या वेळा दिसतो. बाकी वेळ तो दुसऱ्यांच्या डोक्यावर असतो. कणकवलीच्या गच्चीवरच्या अँटेनाने घेतलेला एक संकेत म्हणूनच कुठल्यातरी अनोळखी वसतिगृहात आनंदाने वाचला जातो, आणि आपल्या मुलांचा उपग्रह गेला तर त्याचे संकेत जगाने घ्यावेत हा हक्कही त्यातूनच मिळतो.

गच्चीवर न वापरलेली डीटीएचची तबकडी आहे का? कतारच्या एस’हेल-२ उपग्रहावर हौशी रेडिओचा विभाग आहे. हा उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडला गेला आणि २५.९ अंश पूर्वेला आकाशात स्थिर आहे. कणकवलीतून तो पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ३३ अंश वर आहे. तबकडीच्या तोंडावरच्या एलएनबीवर ९७५० हा आकडा असेल तर १०४८९.५ मेगाहर्ट्झचा संकेत ७३९.५वर एसडीआरमध्ये ऐकू येतो. पाठलाग करावा लागत नाही. मुसळधार पावसात मात्र तो मंदावतो.

यानंतर परवाना. केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज होतो, वयाची अट १२ वर्षं पूर्ण एवढीच. रेडिओचं प्राथमिक ज्ञान आणि नियम यांची परीक्षा असते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही आणि नावसंकेत ‘व्हीयू३’ने सुरू होतो. जनरल श्रेणीला मोर्स लागतं आणि संकेत ‘व्हीयू२’ने. कोणत्या श्रेणीला काय करता येतं हे परवान्याच्या अटींत वाचा आणि मगच उपग्रहाकडे बोला. हॅमच्या पट्ट्यांत गुप्त संकेतात बोलायला मनाई आहे आणि धंद्याचं बोलणंही चालत नाही. मेशवरचा किल्लीबंद निरोप ८६५च्या मोकळ्या पट्टीतच ठेवायचा तो यासाठी.

अवकाश स्थानकावरून बोलायचं झालं तर १४५.९९० वर बोलायचं आणि ४३७.८०० वर ऐकायचं, आणि १४५.९९० वर ६७ हर्ट्झचा टोन लावायचा. टोन विसरला की यान आपल्याला ऐकतच नाही. ते वर असताना सुमारे २००० किलोमीटरच्या आतले सगळे एकाच वाटेवर असतात, म्हणून नावसंकेत सांगा, उत्तर घ्या आणि बाजूला व्हा.

परवानाधारक माणूस गटात असण्याचं महत्त्व २००४च्या त्सुनामीत दिसलं. हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी तेव्हा पोर्ट ब्लेअरला होते. बाकी संपर्क तुटलेला असताना त्यांच्या रेडिओवरून अंदमानची खबर मुख्य भूमीला मिळत राहिली.

स्वतःचा उपग्रह? तोही होतो, पण शेवटी. स्वयम्‌ला विद्यार्थ्यांच्या तुकड्यांमागून तुकड्यांनी खपावं लागलं. भारतात इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अवकाशविषयक संस्थेची परवानगी लागते आणि लहरीसाठी हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघाशी समन्वय. १० फेब्रुवारी २०२३ला गेलेल्या आझादीसॅट-२साठी देशभरातल्या ७५० मुलींनी काम केलं आणि त्यावर लोराचं यंत्र होतं. कणकवलीच्या गटाने आधी उत्तम ऐकणारं केंद्र व्हावं, मग अशा मोठ्या कामात एखादा भाग मागून घ्यावा.

शेवटचं काम दरवर्षीचं. आगोटीची लाकडं, कौलं, सुकी मासळी यांच्या तयारीतच मेच्या मध्याला एक दिवस जाळ्यासाठी ठेवा. सगळ्यांनी मोबाइलचं नेट बंद करायचं, मुख्य सड्यावरचा नोड मुद्दाम बंद करायचा आणि निरोप दुसऱ्या वाटेने मालवणपर्यंत पोचतो का ते पाहायचं. न पोचलेली गावं वहीत लिहा, आणि पहिला पाऊस पडायच्या आत तिथे नोड बसवा.